सुमनची गोळी

माझ्या सुमनची गोळी जावयानं बंद केली, तेव्हाचं सांगते. पोरीला थायरॉईड, तिचं शरीर स्वतःच्याच गळ्यातल्या ग्रंथीवर उठलेलं. डॉक्टरनं सांगितलेलं, रोज उपाशीपोटी गोळी, जन्मभर. पुढं रिपोर्ट नॉर्मल आला अन् जावई म्हणाले,

"बोंडात अळी नसली तं फवारा कोण मारते, आई?"

"गोळी चालू हाय म्हणून नॉर्मल आला, जावईबापू."

"तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकल्या?"

"कोणत्याच नाही. पण डॉक्टरची चिठ्ठी वाचता येते मले."

त्यांनी ऐकलं नाही. काही महिन्यांनी कापूस वेचता वेचता सुमन ओळीतच बसली. तोंड सुजलेलं, भर उन्हात कुडकुडत होती. तिसरा महिना चालू होता, पोटातलं बाळ राहिलं नाही.

दवाखान्यात जावयानं गोळ्यांचं नवं पाकीट पुढं केलं. "आता मी रोज आठवणीनं देईन."

सुमननं ते हिसकून उशीखाली घातलं.

"हे मी पाहीन. तुम्ही तुमची बीटी कपाशी पाहा."