श्वास ओढला मी

सरकारी भाकरीच्या खिडकीपुढची बायकांची रांग हलत नव्हती. इन्शिराहच्या पुढे दोघी बोलत होत्या, आणि घरची घाई विसरून तिने कान टवकारले होते.

“मुलूखियाची पातळ भाजी रांधते मी, उम्म हानी. लसणाची फोडणी ओतताना भाजीत चव उतरावी म्हणून रीतीप्रमाणे दचकल्यासारखा श्वास ओढते, तीही मीच. अन् सासूबाई कौतुक करतात धाकट्या जावेचं.”

“नहलाचं? तिनं काय केलं, करीमान?”

“मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिली. बटण दाबलं, झालं.”

“बटण दाबून माझी तर कडेला उकळते आणि मधे गारच राहते.”

“ती झाकण ठेवते. अर्ध्यात थांबवून तळापासून ढवळते, पुन्हा लावते. काढल्यावर दोन मिनिटं तशीच ठेवते, अन् मधोमध वाफ निघाली तरच म्हातारीपुढे नेते.”

“तुला बरं सगळं पाठ.”

“दाराआड उभी होते.”

“मग तूच का नाही करत?”

“केलं की. काल ती माहेरी गेली होती. झाकलं, ढवळलं, पुन्हा लावलं. दार लावताना श्वाससुद्धा ओढला, कुणी बघत नाही असं पाहून.”

“मग? खूश झाल्या असतील.”

“झाल्या ना. यंत्र पीं पीं वाजलं, तशा आतून म्हणाल्या, ‘नहला, आलीस का गं माझी बाय?’”