मुलगा घरी येतो ती मालिका

तुम्ही मघाशी विचारलेत ना, मालिकांमधून तीच ती कथा पुन्हा पुन्हा का दाखवतात? त्याचे उत्तर मला दिल्लीत, मयूर विहारात राहत असताना मिळाले, आणि ते मला आजही बोचते.

तेव्हा केबल नुकतीच आली होती. शेजारच्या सुलभाताई दर गुरुवारी आमच्याकडे मालिका पाहायला येत. कथा नेहमीचीच, रागावून घर सोडलेला मुलगा आणि वाट पाहणारी आई. सुलभाताईंचा मुलगाही वडिलांशी भांडून गेला होता. राहत होता फरीदाबादला, म्हणजे तासाभराच्या अंतरावर, पण चार वर्षांत फिरकला नव्हता. हे ठाऊक असूनही माझी जीभ आवरत नसे.

"बघा, शेवटी मुलगा येणार आणि आईच्या पाया पडणार. या लोकांना नवीन काही सुचतच नाही."

"येऊ द्या की, वहिनी," त्या हसून म्हणत. "तुमचं काय जातंय?"

शेवटच्या भागात मुलगा आलाच नाही. आईने दार लावून घेतले आणि मालिका संपली.

"चला, एकदाचं काहीतरी नवीन दाखवलं," मी समाधानाने म्हणाले.

सुलभाताईंनी उठून पदर सारखा केला. "तुम्हाला नवीन वाटलं, वहिनी. माझ्या घरी हे रोजचंच आहे."

पुढच्या गुरुवारी त्याच वेळेला नवी मालिका सुरू होणार होती, म्हणून मी स्वतः त्यांना बोलवायला गेले. "आज नको," त्या दारातूनच म्हणाल्या, "पाहुणे यायचे आहेत."

त्या संध्याकाळी त्यांच्याकडे कोणीही आले नाही.