न मिटणारी मूठ

नोव्हेंबर नाही, ऑक्टोबर. तू पहिल्यांदा आलास तो दोन हजार सतराचा ऑक्टोबर — वादळांचे दिवस नुकतेच सरले होते, पाणी निवळलं होतं. तू विसरलास, मी नाही. नीट बस, मध्ये सरक, बोट कलते. आणि मोठ्याने बोललास तरी चालेल, इंजिन सुरू आहे तोवर पुढे बसलेल्याला काही ऐकू जात नाही. माझी चायो वळून बघायची नाही. ला पास बंदराचा धक्का सोडल्यापासून बघितलं का एकदा तरी? नाही ना, मग. चायोला मी सांगितलंय की माझी कंबर धरलीय, खडकापाशी बोट सांभाळायला कुणीतरी हवं. पोरगी तेवढ्यासाठी आलीय. अंगात बुडी मारायचा सूट चढवलाय तो मलाही दिसतो — का चढवलाय ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

ते खोकं आधी पिशवीत टाक. घड्याळ. पाण्याखाली चालणारं, भारीतलं — बघितलं मी. तिला घड्याळ कशाला? वेळ बघायला? वेळ तिच्यापाशी मोप आहे. दोन वर्षं घरात बसून वेळच तर बघतेय.

काय म्हणालास? तो खेळत होता असं वाटलं? — हेच. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तिकडे मोंतेर्रे शहरातून येता, नवीन कपडे, नवीन कॅमेरा, आणि धक्क्यावर कुणीतरी सांगतं की ही समुद्रातली कुत्र्याची पिल्लं आहेत, घाबरू नका. समुद्रसिंह म्हणा, काय हवं ते म्हणा, आम्ही त्यांना लोबो म्हणतो. लांडगा. आमचे आजे-पणजे काय खुळे होते? पिल्लू खेळतं, हो. पायातले फिन चावतं, नळी ओढतं, तोंडासमोर उलटं लटकतं. चार महिन्यांचं पोर ते, खेळेल नाहीतर काय करेल? पण तू कॅमेरा घेऊन त्याच्या मागे कपारीत शिरलास. आणि नर आला. वीण संपून गेली होती, बाकीचे नर पांगले होते, हाच एक थोराड जागा धरून होता. तुझ्यासमोरून आडवा गेला. भुंकला — पाण्यातलं भुंकणं कानात नाही, छातीत ऐकू येतं. मग तुझ्या तोंडावर बुडबुडे सोडले. आणि तू काय केलंस? हात पुढे केलास. गोंजारायला! एवढं धूड दारात उभं राहून शिव्या घालतंय आणि हा त्याला गोंजारतोय.

मी वर होतो, मला कुठलं दिसायला. तिने सांगितलं. इस्पितळात, एकदाच. “अपा, त्याची बोटं पसरलेली होती,” म्हणाली. निघताना मी तुला काय बजावलं होतं? या बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला काय बजावतो? बोटं मुठीत, मुठी काखेत. मोकळं बोट म्हणजे त्यांच्या लेखी मासा. तू मान डोलावली होतीस. चांगली दोनदा. तिने तुला पाठीवरच्या हवेच्या टाकीला धरून मागे ओढलं आणि आपला हात मध्ये घातला. तुझी पाचही शाबूत आहेत. दाखव. — हं.

तू नेटवर टाकलेला फोटो बघितला मी. लोकांनी घरी आणून दाखवला. नराचा जबडा आहे, दात आहेत, खाली तुझं नाव आहे. तिचा हात नाही. हो, माहीत आहे, नंतर काढून टाकलास. नंतर.

हात बरा झाला, असं डॉक्टर म्हणतो. शिवला, सुजला, पुन्हा फाडला, पुन्हा शिवला. लोबोचा दात लागला की महिनोन्‌महिने ठणकतं. बोटं वाचली, पण वाकत नाहीत. मधलं आणि शेजारचं. काठ्या. कॉफीचा कप धरते, तोर्तिया लाटते, मासा साफ करते, सगळं करते. मूठ मिटत नाही. आता डोक्यात शिरलं का? त्या खडकापाशी पहिला नियम मुठीचा, आणि तिची मूठ मिटत नाही. काखेत घातला तरी दोन टोकं मागून डोकावतात. गेल्या हिवाळ्यात उतरली होती, एकटी. पिल्लं सरळ त्या दोन बोटांवर. वर आली तेव्हा ओठ पांढरे. भाकरी खाल्ली, पाणी प्यायली, सूट खुंटीला टांगला. त्यानंतर आजवर तो सूट अंगाला लावला नव्हता. मी जुन्या रबराची पिशवी शिवून दिली हाताला — मी, स्वतः, जाड सुईने. पिल्लांना ती मासळीहून आवडेल म्हणाली. फेकून दिली पाण्यात. आणि खरंच, एक पिल्लू घेऊन पळालं!

मला तिची काळजी नाही. पाहुण्यांना खाली न्यायला ती नाही, बोट कुजतेय, काळजी बोटीची आहे. धक्क्यावरचे हसतात — “कुकोकाका, हल्ली तुमच्या बोटीतून पेलिकन फुकट फिरतात का?” हसोत. मी उभा जन्म तोंडात नळी धरून तळाचे शिंपले काढले, हसण्याने माझं काही झडत नाही. पण ती खाली असली की मी वर बसून तिचे बुडबुडे बघायचो. सगळ्यांचे सारखे नसतात. तुझे तर उकळत्या भांड्यासारखे, धडधड धडधड. तिचे बारीक, सावकाश. झोपलेल्या माणसासारखे. आता मी घरी बसून तिला भांडी घासताना बघतो. दर रविवारी ती चर्चला गेली की तिचा सूट गोड्या पाण्यात बुचकळतो, मागच्या अंगणात सावलीत वाळवतो, ती यायच्या आत खुंटीवर. दोन वर्षं. रबर तडकू नये म्हणून. — हे तिला सांगायचं नाही. तुला तरी कशाला सांगितलं मी.

तर ऐक. काय देऊ, काय देऊ, लावलं होतंस ना सकाळपासून? हात दे. तिचा तो हात तुझ्या दोन्ही हातांत घ्यायचा, झाकून, तिची दोन बोटं आत. कुठे जायचं ते ती ठरवेल, तू नुसता सोबत. पिल्लू येईल, चावेल. चावलं तर तुला चावलं पाहिजे. सोडायचा नाही. — भीती वाटते? वाटू दे. तेव्हा वाटायला हवी होती.

आला खडक. इंजिन बंद करतो, आता गप्प.

चायो, दोर टाक. — काय? — कसं काय ऐकलंस? मी ओरडत होतो? मी कधी ओरडतो? ... वारा मागून होता. बरं. ऐकलंस तर ऐकलंस. ... सुटाचंही? ... खाऱ्या पाण्याने रबर तडकतं. त्यात दुसरं काही नाही. कंबरेचंही ऐकलं असशील मग. मी तुला उतर म्हणत नाही. टाकी तिथे पडलीय, भरलेली आहे, एवढंच सांगतो. पोरा, तू तोंड काय बघतोस, पट्टा आवळ. डावीकडून. दोघं एकदम. आधी हात — आधी हात धर, मग पाण्यात पड!

*

शिडी धर. आधी तिला येऊ दे. टाकी इकडे. हात बघू — चायो, तुझा नाही, याचा. हं. दात उठलेत. पिल्लाचेच. इथे अंगठ्यापाशी टोचलंय, रक्त आहे. गोड्या पाण्याने धू, आणि गावात गेल्यावर आधी डॉक्टर, जेवण नंतर. हात सोडला का? — तुला नाही विचारत, तिला विचारतोय.

... नाही सोडला.

चायो, दात काय काढतेस? उद्या? उद्या हा कुठला असायला, याचं परतीचं विमान आहे. कोण धरणार उद्या? ... मी? माझी कंबर — बरं. बरं, बघू.

पोरा, ते खोकं घरी घेऊन जा. फिटलं.