मोठं गेट फक्त गाडीसाठी

...आणि वर मलाच विचारतात, कंटेनर येतोय असं कोण ओरडलं! अहो, मी ओरडलो. मीच ओरडलो, नाही कुठं म्हणतोय? पण का ओरडलो ते कोणी विचारेल? छे. चार वेळा चौकीत बोलावलं, चारही वेळा तोच प्रश्न, आणि चारही वेळा मी हात जोडून तेच सांगितलं, साहेब, आम्ही मॅच बघायला गेलेलो हो, दुसरं काही नाही.

तुम्हाला सांगतो, मी धनेश, टेमघरला राहतो आणि गोडाऊनवर सुपरवायझर आहे. भिवंडीत आता जो तो गोडाऊनवरच असतो, कोणी माल भरतो, कोणी उतरवतो, आणि माझं काम काय, तर गेटवर लक्ष ठेवायचं. आमच्या धंद्यात आत येणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, येऊ दे बिचारा. पण बाहेर जाणारा प्रत्येक माणूस चोर. त्याचे खिसे चाचपायचे, डबा उघडून बघायचा, हातात वस्तू दिसली की गेटपास मागायचा. आणि मोठं गेट फक्त गाडीसाठी. माणूस जाणार तो बाजूच्या छोट्या दारातून, एकेक करून, वाकून. हे सगळं गार्ड लोकांना कोणी शिकवलं? मी. छाती पुढे काढून शिकवलं. तुझा बाप आला तरी सोडायचा नाही, असं म्हणालेलो. तेव्हा काय माहीत, पहिली माझी आईच येणार म्हणून.

तर माझा धाकटा भाऊ दीपेश, आमच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, आणि त्या दिवशी सेमीफायनल. आई, म्हणजे गोदूबाई, वय बहात्तर, गुडघे कधीच गेलेले, पण सकाळपासून नवं लुगडं नेसून दारात तयार, आणि काखेत लाकडी पाट. म्हटलं, आई, पाट कशाला, भजनाला चाललोय का आपण? तर म्हणते, "धुलीत बसू काय नव्या लुगड्यानं? माज्या पोराला बगाचा हाय मना, तू मधी बोलू नको." मी पाट राहू दिला. तिथंच चुकलो का? पण पाटाचं असं काही होईल हे कोणाच्या मनात तरी येईल का, तुम्हीच सांगा.

आणि ग्राउंड म्हणजे काय, तर सावळाराम शेठचा रिकामा प्लॉट. शेठ स्पर्धेचे अध्यक्ष. गोडाऊन बांधायचं म्हणून चारी बाजूंनी डोक्याच्या वर जाईल एवढी भिंत आधीच घातलेली, आणि सगळ्या प्लॉटला मिळून एक मोठं गेट आणि त्याच्या बाजूला एक छोटं दार. बंदोबस्ताला पोलीस पाच. पाच हजार माणूस, पाच पोलीस. मग शेठचा मला फोन, "धनेश, तुझे बारा गार्ड दे एक दिवस, तुझी पोरं एकदम कडक हायत." दिले. अभिमानानं दिले हो, इस्त्री करून दिले.

आत जाताना काय थाट! मोठं गेट सताड उघडं, कोण आला, किती आले, कोणी मोजतच नाही. आणि मॅच, ती तर काय सांगू, पेनल्टीवर गेली. शेवटची पेनल्टी, दीपेश उजवीकडे झेपावला, बोटांनी बॉल बाहेर ढकलला, आणि बहात्तर वर्षांची माझी आई पाटावर उभी राहून शिट्टी वाजवत होती. गुडघे कुठं गेले, काय माहीत. मला रडू आलं, खोटं नाही सांगत. तो त्या दिवसातला शेवटचा चांगला क्षण. कारण त्यानंतर घरी जायचं होतं.

मोठं गेट बंद. का बंद? शेठच्या पाहुण्यांच्या गाड्या येऊन गेल्या, गेट लागलं, माझाच नियम. मागून पोलीस काठ्या आपटत, "चला चला, ग्राउंड खाली करा, सहाच्या आत खाली पाहिजे!" आणि पुढे छोट्या दारात माझा सगळ्यात लाडका गार्ड रामू, "लाइन से आओ, एक एक करके, डिब्बा खोलो, जेब दिखाओ." मागचे म्हणतात पुढे सरका, पुढचा म्हणतो थांबा, आणि मधे आम्ही पाच हजार. आम्ही मॅच बघायला गेलेलो हो!

आमचा नंबर आला. आई वाकली, एक पाय बाहेर टाकला, आणि रामू म्हणतो, "साहब, ये पाट का गेटपास?" म्हटलं, रामू, ही माझी आई आहे. म्हणतो, "माताजी को नमस्ते, लेकिन साहब, माल का गेटपास?" अरे, घरचा पाट आहे तो! "साहब, सब यही बोलते हैं. आपने ही बताया था." आणि खरंच मीच सांगितलेलं, शब्द न् शब्द माझा. मी खिशात पेन शोधतोय, त्याच्या रजिस्टरमध्ये सही करून मोकळा होऊ म्हणतोय, आणि तेवढ्यात मागून लोंढा आला, आम्हाला दारापासून आत बाजूला फेकत.

आता हसू नका. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. श्वास सोडला तर परत घेता येईल की नाही याची खात्री नव्हती. बाजूचा एक माणूस नुसता "भाऊ, भाऊ" करत होता, मोठ्यानं नाही, हळू, कारण मोठ्यानं करायला हवाच नव्हती. आईचा हात माझ्या हातात होता, मग नुसत्या बांगड्या लागल्या, मग त्याही लागेनात. मी वळून बघतोय तर तिचा पाट तेवढा दिसतोय, छातीशी उभा धरलेला. मग तोही दिसेना. मी ओरडलो, रामू, मोठं गेट उघड! आणि रामू, देवा शपथ, तो पण घाबरलेला, रडायच्या बेताला आलेला, मला काय विचारतो? "साहब, गाडी है क्या?"

म्हटलं माणसं मरतायत! तर म्हणतो, "साहब, बड़ा गेट सिर्फ गाड़ी के लिए." मी त्याला किती वर्षं हे घोकून घेतलंय. माझी आई तिकडे खाली चालली होती, आणि माझ्याच तोंडचं वाक्य मला अडवून उभं होतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "हां! गाडी है! कंटेनर आ रहा है, चालीस फुटी!"

तुम्हाला सांगतो, काय झालं ते बघण्यासारखं होतं. बाराच्या बारा गार्ड एकदम ताठ. शिट्ट्या सुरू. "साइड, साइड, गाड़ी आ रही है!" पाच हजार माणसांसाठी न उघडलेलं गेट एका नसलेल्या कंटेनरसाठी दोन्ही बाजूंनी सताड उघडलं. माणसं बाहेर सांडली, एकावर एक. सतरा जण दवाखान्यात गेले. मरण कोणाला आलं नाही, एवढंच.

आई मला रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीसमोर सापडली. पाटावर बसलेली. उजवा हात मनगटातून मोडलेला, चेहरा पांढरा, आणि मला बघून काय बोलते, "दीपेशनं बॉल अडवला तवा तू बगलास ना रं?" मी रुमाल काढून तिचा हात बांधायला लागलो. आणि मागून रामू रजिस्टर घेऊन धावत आला, "साहब, गाड़ी का नंबर?"

चौकशी झाली. रिपोर्टात काय? गर्दी गर्दीमुळे झाली, आणि एका इसमानं कंटेनरची अफवा उठवल्यानं लोक पळाले. तो इसम मी. म्हटलं, साहेब, पळायला जागा असती तर ओरडलो कशाला असतो? साहेब म्हणाले, "उद्या पुन्हा या." आणि फायनलसाठी शेठनं सुधारणा काय केली? बाराचे चोवीस गार्ड केले.

हो, फायनलला गेलो. आई ऐकते का? एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात पाट, आणि पाटावर चिकटवलेला गेटपास. मीच सही केलेला. तिला पुढे बसवली आणि मी मोठ्या गेटपाशी जाऊन उभा राहिलो. रामूनं हळूच विचारलं, "साहब, आज कंटेनर आएगा?" म्हटलं, येईल रे, येऊ शकतो, तू कडी काढून ठेव. जिंकलो ते मला लोकांच्या ओरडण्यावरून कळलं.

घरी दीपेश आला, गळ्यात मेडल, डोळे चमकतायत, म्हणतो, "दादा, दुसऱ्या हाफमधला बघितलास ना? वरच्या कोपऱ्यातला?" बघितला, म्हटलं, काय अडवलास रे! आता त्याला काय सांगू? आम्ही मॅच बघायला गेलेलो. आईनं मॅच बघितली. मी नव्वद मिनिटं गेटची कडी बघितली.