अंगठ्याएवढं बटण

दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. लेक मोबाइलची ॲप बनवणारी.

"बाबा, महिनाभर गोळ्या का मागवल्या नाहीत? ॲपमध्ये एक बटण तर दाबायचं होतं."

"दाबत होतो गं. दर वेळी शेजारचं 'रद्द' दाबलं जायचं. हात थरथरतो, तुझ्यासारखाच ऐकत नाही."

"मग मला सांगायचं."

"तू बनवलेलं बटण. म्हटलं, चूक माझ्याच बोटाची असणार."

"मी ते फक्त माझ्या बोटाने तपासलं होतं."

"मोठं करता येईल?"

"येईल. आमच्या चाळीस ॲपमध्ये तेच बटण आहे. एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं."

"म्हणजे चाळीस ठिकाणी माझ्यासारखे गप्प बसलेत?"

लेकीने पिशवीतून लॅपटॉप काढला.

"आता, इथे?"

"हात द्या इकडे. आधी तुमचा अंगठा मोजू."