सहा नव्वद

मी आंजीचा. आमचं घर भाजीपाल्याचं, बाप वांगे लावे, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर लावे, माय सकाळी जुड्या बांधे आणि बाप सायकलवर वर्ध्याले नेऊन विके, तर आमच्या घरी बैल म्हणजे वखराचा बैल, पटाचा नाई. हे अगोदर सांगतो, काऊन का लोक म्हणतात मारोतीच्या खानदानात शंकरपट आहे, त्याच्या रक्तात आहे. काई नाई रक्तात. बापानं उभ्या जन्मात बैल पळवला नाई. मीच पोट्टेपणी कोणाच्याही छकड्यावर चढून बसो आणि पडो, आणि पडलो तरी लाजो नाई, तेवढंच माह्यात होतं.

तुम्ही पट पाहिला असन, सर, पण वाचणाऱ्यानं पाहिला नसन तं त्याच्यासाठी सांगतो. सरळ पट्टी असते, एका टोकाले जोडी धरून उभी करतात, चार-पाच माणसं लागतात धरायले, झेंडी पडली का सोडतात, दुसऱ्या टोकाले घडी. ज्याचा टाईम कमी तो पहिला. सात-आठ सेकंदाचा खेळ. छकड्यावर बसून जो हाकते त्याले आम्ही धुरकरी म्हणतो. आता त्या सात सेकंदात धुरकरी काय करते? कासरा सांभाळते, आवाज देते, तोल धरते, आणि पडत नाई. बाकी सारं झेंडी पडायच्या अगोदरच होऊन गेलं असते. पण टोकाले उभ्या लोकाले बैलाले पाजलेलं दूध दिसत नाई, त्याले छकड्यावरचा माणूस दिसते. म्हणून नाव माणसाचं होते.

माह्यं झालं. काय सांगू तुम्हाले, असं झालं का देवळीपासून हिंगणघाटपर्यंत, कोण्या गावचा पट असो, भोंग्यावरचा माणूस म्हणे, आला, मारोती धुरकरी आला, याच्या हातात जादू आहे. फेटे बांधले लोकायनं. माह्या हाताचे फोटो काढले एकानं, नुसत्या हाताचे. आणि मी ते हात दाखवले, सर. उलटे करून, सुलटे करून दाखवले.

जोडी होती हिंगणघाटच्या एका शेटजीची, कापसाचा धंदा त्यायचा, बैलाचा नाद. लाखन आणि पाखऱ्या. लाखन उजवीकडे, पाखऱ्या डावीकडे. त्या बैलायले रोज दूध, अंडे, भिजवलेली उडदाची दाळ, खुराकाले कमी नाई. छकडा बनवला होता इतका हलका का दोन बोटानं उचलो. आणि बैल आंजीतच ठेवले होते शेटजीनं, माह्या मावसभावाकडं, दिवाकरकडं. तो सकाळी नदीच्या रेतीत त्यायले चालवे, पोहवे, अंगावरून हात फिरवे, त्यायच्याशी गोष्टी करे. पाखऱ्या झेंडीले बिचके, तं दिवाकरनं आपल्या घरचं लाल लुगडं काठीले बांधून महिनाभर त्याच्यासमोर हलवलं, शोभा त्याची बायको ओरडे का माह्या अंगावरचंही नेता का आता. त्याची भीती मोडली दिवाकरनं. मी पटाच्या दिवशी जाओ, बसो, जिंको.

दिवाकरही हाके. पण त्याले कोण जोडी देईल? रविवारी शेजारचे बैल घेऊन जाये, शनिवारी वखराले चाललेले, सरकी-ढेप खाणारे, आणि छकडा म्हणजे जवळपास बंडीच, माल वाहाची जड बैलगाडी. शेवटून पहिला येये. भोंगेवाला म्हणे, आली, दिवाकररावची पॅसेंजर आली, ज्याले चाय प्याची असन त्यानं पिऊन या, तोवर पोचते. लोक हसत. मीही हसो. तोही हसे. मंग घरी येऊन मले म्हणे, दादा, डावा बैल मधातच थकते, पण अर्ध्यापर्यंत चांगलं वाटलं मले. मी म्हणो, तुह्या हातच ढिला आहे लेका. असं म्हणो मी त्याले.

हळूहळू गावच म्हणाले लागलं, दिवाकरचा हात ढिला.

एक दिवस त्यानं शेटजीले म्हटलं. कसं म्हटलं माहीत नाई, कारण तो तोंड उघडणारा नव्हता. म्हणे, शेटजी, एक बार लाखन-पाखऱ्या मले हाकू द्या, ज्याचा टाईम कमी त्याले मोठ्या पटाले पाठवा. शेटजी हसले, म्हणाले, होऊन जाऊ दे, मारोतीची काही ना नाई ना? मी म्हटलं, माह्यी कायची ना.

सकाळची वेळ, नदीच्या कडंची पडीत जमीन. एकाच जोडीवर दोघं हाकले तरच समजते कोण कसा, बाकी सारं बैलाचं असते. अशी बारी आमच्यात होत नाई, कोणी जोडी देत नाई. ती एकच बार झाली. पहिले मी हाकलं. झेंडी दिवाकरनं दाखवली, घडी शेटजीनं धरली, सात दहा, म्हणजे सात सेकंद आणि वर दहा पॉइंट. मंग बैलायले दम दिला, पाणी दाखवलं, आणि दिवाकर बसला. शेटजी म्हणाले, मी झेंडी दाखवतो, मारोती, घडी तू धर, तुह्यापेक्षा कोणाले समजते. आमच्या इथं असंच आहे, धुरकऱ्याच्या शब्दावर कोणी शंका घेत नाई, बैल लंगडते म्हटलं तं लंगडते, टाईम इतका म्हटलं तं इतका.

झेंडी पडली. सर, मी हजार बार हाकलं पण ते बैल मी बाहेरून कधी पाहिले नव्हते. बैल धावत नव्हते, सरकत होते, आणि तो वाकून बसला होता, हलत नव्हता, कासरा सैल. ढिला हात म्हणत होतो ना आम्ही. सैल कासऱ्यानं पाखऱ्याची मान मोकळी होती. मी त्याले आवळून हाको, म्हणून तो थोडा बाहेर ओढे, आणि मले वाटे का मी त्याले काबूत ठेवतो.

घडी दाबली. सहा नव्वद.

शेटजी त्या टोकावून ओरडले, किती? मी घडीकडं पाहून राह्यलो. अंगठा बटनावर होता. दाबला, सारे शून्य झाले. मंग ओरडलो, सात चाळीस.

दिवाकर छकडा वळवून आला. घामानं चिप झाला होता, डोळे असे चमकत होते. म्हणे, दादा, सात चाळीस? म्हटलं, हाव. म्हणे, मले तं वाटलं बैल उडून राह्यले. मग स्वतःच हसला, म्हणे, वाटण्याले काय. आणि उतरून पाखऱ्याची मान पुसाले लागला.

बस, इतकंच. एक अंगठा.

मोठा पट मी जिंकलो. मंग कोर्टानं पट बंद केले, कितीक वर्षं बंद राह्यले. लाखन, पाखऱ्या म्हातारे होऊन गेले. आणि त्या वर्षायत माह्यं नाव अजून मोठं झालं, कारण पट नाई तं हारायचं नाई. लोक सांगत राह्यले, मारोती होता, त्याच्या हातात जादू होती. दिवाकरनं मात्र हाकणं सोडलं ते सोडलंच. शेटजीनं एक-दोनदा जोडी देतो म्हटलं तरी म्हणे, नाई शेटजी, ते मारोतीदादाचं काम आहे.

पट पुन्हा सुरू झाले तेव्हा मी पन्नाशीत आलो होतो. शेटजी गेले, पोरायनं नाद सोडला. मले मिळाली एका दुकानदाराची जोडी, नावाच्या भरोशावर दिली त्यानं. शेवटून दुसरा आलो. मंग दुसरी जोडी, मंग तिसरी. हात तेच, सर. भोंग्यावर आता त्याच माणसाचा पुतण्या असते, त्यानं काकाचीच गोष्ट उचलली, म्हणे, आली, मारोतरावची पॅसेंजर आली. लोक हसले. म्हातारा झाला म्हणाले, जादू सरली म्हणाले. आणि कडुलिंबाखाली एकच माणूस उभा राहून साऱ्यायशी भांडत होता, बैल पाहा ना बे, काय बैल आहेत ते, त्यात धुरकरी काय करन, जोडी खराब आहे, माणूस खराब नाई. तो दिवाकर होता. प्रत्येक पटाले येये. मले पाणी आणून देये.

तेच सहन झालं नाई. मागच्या हिवाळ्यात त्याच्या वाडीत गेलो. तो आणि शोभा बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधून राह्यले होते. शोभा म्हणे, या भाऊजी, चाय ठेवते, आणि आत गेली. मी बसलो आणि सांगून टाकलं. सारं. शून्यावर आणलं तेही.

त्यानं जुडी पुरी बांधली. मंग म्हणे, किती आला होता?

सहा नव्वद.

सहा नव्वद, म्हणे. मंग मले जे वाटलं ते खरं होतं.

मी म्हटलं, हाव.

तो मेथीकडंच पाहत होता. म्हणे, दादा, त्या दिवसापासून मी माह्यावर भरोसा केला नाई. वावरात काय पेरू ते शोभाले विचारून पेरतो. पाणी येईल वाटलं तरी बोलत नाई, मनात येते, तुले उडून राह्यले वाटत होतं ना, मंग गप बस. पोरीचं स्थळ मले पटलं नव्हतं, तेव्हाही बोललो नाई. आता ती परत घरी आली, तुले माहीत आहे.

म्हटलं, मले माफ कर.

म्हणे, मले येत नाई हे मी मानून घेतलं होतं, दादा. त्याच्यावर घर बांधलं होतं मी. ते आता कुठं नेऊ?

शोभा चाय घेऊन आली. तिघायनं पेली. मी उठलो तं त्यानं मेथीच्या दोन जुड्या हातात दिल्या, वहिनीले दे म्हणे. नेहमी देते तशा. आणि म्हणे, आता येत नको जाऊ.

मले वाटलं होतं सांगितलं का छाती हलकी होईल. झाली नाई. इतके वर्षं माह्याजवळ होतं ते आता त्याच्याजवळही आहे, इतकंच झालं.

पटाले मी अजून जातो. मिळन ती जोडी हाकतो, शेवटी येतो. लोक हसतात आणि कडुलिंबाखाली भांडाले कोणी नसते. मले वाटते ते बरोबरच आहे. पण कासरा आता सैल धरतो, सर, त्यानं धरला होता तसा, आणि बैल कसेही असले तरी अर्ध्यापर्यंत चांगले चालतात. खरंच चालतात. हे त्याले सांगावं वाटते, पण जायचं नाई म्हटलं आहे त्यानं.

माह्यं नाव नाई लिवलं तरी चालन. त्याचं लिवा. दिवाकर, आंजीचा, लाखन-पाखऱ्याच्या जोडीवर, सहा नव्वद. घडी मी धरली होती.