रामटेके काकांची हवेची चाकं

बाबांच्या विमानाचं तुम्हाला कधी सांगितलं का मी? बाबा आणि रामटेके काका, दोघंही आयटीआयत शिकवायचे. दोघांनी मिळून रिमोटवर उडणारं लाकडी विमान बनवलं होतं. त्याची चाकं हवेच्या दाबानं उघडायची, आणि ती नळ्यांची सगळी जोडणी काकांची. उडवायच्या आधी सायकलच्या पंपानं हवा भरायची. पण कुठली तरी नळी हमखास गळायची, चाकं अर्धवट उघडायची आणि विमान पोटावर आपटायचं. मग दोघं हसत-भांडत ते उचलून मोहाडीला घरी आणायचे.

मागच्या वर्षी बाबा म्हणाले, "आता याच्या चाकाले बॅटरीवरची मोटर लावू."

काका उखडले. "माहं काम काढून फेकतेस का बे?"

तीन दिवस ते चहाला आले नाहीत. चौथ्या दिवशी पेचकस घेऊन दारात हजर. "काढाचंच असन, तर मीच काढतो." एकेक नळी त्यांनी काढली, पुसली आणि खिशात ठेवली.

मग मोटर बसवून आंधळगावच्या पटांगणावर विमान उडवलं. उतरताना बाबांनी बटण दाबलं. तिन्ही चाकं एकदम खाली आली. विमान अलगद टेकलं, घरंगळत आलं आणि काकांच्या पायाशी थांबलं.

काका वाकून चाकं पाहू लागले. मला वाटलं, रागावले. तर बाबांचा खांदा धरून म्हणाले, "पाह्य बे, आपलं पोरगं पहिल्यांदा चालाले लागलं!"